'फ्रेजल व्हर्ब'चे अध्यापन आणि मराठीचे संयुक्त क्रियापद : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

इंग्रजी क्रियापदापुढे 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन' यांसारखा एखादा लहानसा शब्द येतो आणि मूळ क्रियापदाचा अर्थ पार पालटून जातो. 'गिव्ह' म्हणजे देणे, परंतु 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, परंतु 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. इंग्रजी व्याकरणात अशा जोडीस 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीचा जो भाग सर्वाधिक छळतो तो हाच, याविषयी महाविद्यालयीन अध्यापकांत दुमत आढळत नाही. मतभेद आहे तो या छळाच्या कारणाविषयी, आणि तो इंग्रजी विभागापुरता मर्यादित नाही. मराठीच्या अध्यापकानेही त्याची दखल घेणे अगत्याचे आहे, अशी मांडणी येथे करावयाची आहे.

बीड जिल्ह्यातील सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत फ्रेजल व्हर्ब पोहोचते ते यादीच्या रूपाने. डाव्या बाजूस इंग्रजी जोडी, उजव्या बाजूस मराठी अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तीच यादी अधिक लांब होऊन पुन्हा समोर येते. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे, 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे. या तिन्हींत 'पाहणे' कोठे गेले, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येतो. परंतु तो विचारण्याची सोय यादीत नसते. 'हे असेच आहे, पाठ करा' असे उत्तर मिळत गेले की विद्यार्थी आपल्या बुद्धीलाच दोष देऊ लागतो. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच आहे, त्याच्या बाबतीत हा दोष पुढे न्यूनगंडाचे रूप घेतो. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून वाटेचा आहे. ज्या दाराने या विषयात सहज शिरता आले असते, ते दार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत आहे आणि ते कोणी दाखवून दिलेले नाही.

१

प्रथम या क्रियापदांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ती परकीयांना अवघड जातात, हे इंग्रजांनाही फार पूर्वी उमगले होते. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजीत विपुल असून परक्या माणसाला तीच सर्वांत दुर्गम वाटते, अशी नोंद केलेली आहे. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअर्सल स्मिथ याने १९२५ साली आपल्या पुस्तकात ती वापरली आणि तिचे श्रेय कोशकार हेन्री ब्रॅडली याला दिले.

या रचनेला एक इतिहासही आहे. प्राचीन इंग्रजीत अशी अव्यये बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटून येत. 'ओव्हरकम', 'विथस्टँड', 'अंडरस्टँड' हे त्या रीतीचे आजवर टिकलेले अवशेष होत. पुढे ही रीत क्षीण झाली आणि अव्यय क्रियापदाच्या मागाहून, सुटे येऊ लागले. संस्कृताचा परिचय असलेल्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांशी संबंध नसलेले अर्थ उपसर्गाच्या बळावर निष्पन्न होतात, हे संस्कृताच्या पहिल्या पाठात शिकविले जाते. उपसर्ग धातूच्या आधी यावा, असा पाणिनीचा नियम आहे. परंतु वेदांच्या भाषेत तो नंतरही येतो आणि मध्ये इतर शब्द येऊन धातूपासून दूरही राहतो, हेही पाणिनीने लगेच पुढच्या सूत्रांत नोंदविले आहे. 'पुट इट ऑफ' या रचनेत 'ऑफ' जसा क्रियापदापासून तुटून उभा राहतो, तसाच हा प्रकार. आपल्या परंपरेत ज्याचे शास्त्र होऊन गेले, तेच इंग्रजीच्या तासाला केवळ लहरीपणा म्हणून समोर यावे, हा विपर्यास आहे.

२

तथापि मराठी विद्यार्थ्याला संस्कृतापर्यंत जाण्याचेही कारण नाही. त्याच्या रोजच्या बोलण्यात याच जातीची दोन साधने आहेत.

पहिले साधन दिशावाचक अव्ययाचे. सभा 'पुढे ढकलली' असे म्हणताना कोणी कोणाला ढकलत नाही. शब्द 'मागे घेतला' म्हणताना हात पुढे येत नाही. अभ्यासात 'मागे पडणारा' मुलगा ठेच लागून पडलेला नसतो आणि जबाबदारी 'अंगावर घेणारा' काही पांघरत नाही. शरीराच्या हालचालीचा मूळ अर्थ येथे मनाच्या, व्यवहाराच्या, काळाच्या क्षेत्रात गेला आहे. 'पुट ऑफ', 'टेक बॅक', 'फॉल बिहाइंड', 'टेक ऑन' या जोड्यांत नेमके हेच घडते. भावनेच्या भरात 'वाहून जाणे' आणि 'कॅरीड अवे' यांत तर चित्रही तेच आहे.

दुसरे साधन संयुक्त क्रियापदाचे. 'लिहिणे' या एका धातूचा विस्तार पाहावा. पत्र लिहून टाकले, लिहून ठेवले, लिहून दिले, लिहून घेतले, लिहून पाहिले, लिहून काढले. सहाही ठिकाणी मुख्य क्रिया लिहिण्याचीच आहे. तरी एकदाचे उरकणे, पुढच्यासाठी राखणे, दुसऱ्याकरिता करणे, स्वतःकडे करून घेणे, अजमावणे आणि अथपासून इतिपर्यंत पुरे करणे अशा सहा छटा केवळ दुसऱ्या क्रियापदाने दिल्या आहेत. टाकणे, ठेवणे, काढणे या शब्दांचे मूळ अर्थ येथे झिजून गेले आहेत, पण पुरते नाहीसे झालेले नाहीत. 'टाकणे'मध्ये अंगावेगळे करण्याची छटा उरते, 'ठेवणे'मध्ये जपण्याची, 'काढणे'मध्ये आतून बाहेर आणण्याची.

ही उरलेली छटाच अध्यापनाच्या दृष्टीने मोलाची आहे. 'शोधून काढणे' आणि 'फाइंड आउट', 'लिहून काढणे' आणि 'राइट आउट' या जोड्या शेजारी ठेवल्या की 'काढणे' आणि 'आउट' यांचे नाते कोणाही विद्यार्थ्याला आपोआप दिसते. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतील 'अप' वर जाण्याचा नव्हे. तो क्रिया शेवटास नेण्याचा आहे. 'खाऊन टाकणे', 'पिऊन टाकणे', 'वापरून टाकणे' म्हणणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. शंभर जोड्यांची यादी पाठ करण्याऐवजी दहा-बारा अव्ययांची प्रवृत्ती ओळखणे, आणि ती ओळखण्यासाठी आपल्याच भाषेतील प्रवृत्तीचा आधार घेणे, हा अभ्यासाचा अधिक शहाणा मार्ग होय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कसोटीची. 'तो जेवून गेला' आणि 'तो खचून गेला' ही दोन वाक्ये दिसायला सारखी आहेत. पहिल्यात दोन क्रिया आहेत. तो जेवला आणि नंतर गेला. दुसऱ्यात क्रिया एकच आहे; खचलेला माणूस कोठेही गेलेला नाही. म्हणून पहिले संयुक्त क्रियापद नव्हे, दुसरे होय. ही कसोटी शालेय मराठी व्याकरणात प्रत्येक विद्यार्थी शिकतो. इंग्रजीतही प्रश्न असाच पडतो. 'रन अप अ हिल' म्हणजे टेकडीवर धावत जाणे. तेथे 'अप' टेकडीशी बांधलेला आहे. 'रन अप अ बिल' म्हणजे उधारी चढवून ठेवणे. तेथे 'अप' क्रियापदाशी बांधलेला आहे. शब्दांचा क्रम एक, रचना दोन. 'जेवून गेला' आणि 'खचून गेला' यांतला भेद ज्याला नववीत कळला, त्याला 'हिल' आणि 'बिल' यांतला भेद कळण्यास अडचण नसावी. अडचण येते, कारण पहिला भेद त्याला कळलेला नसतो; फक्त गुणांसाठी ओळखता आलेला असतो.

३

येथे बीड जिल्ह्याचा संदर्भ केवळ निमित्तापुरता राहत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना असली, तरी अनेक मुलांचे शिक्षण या जाण्या-येण्यात तुटत राहते. त्यांच्या भाषेकडे मात्र शिक्षणव्यवस्थेने क्वचितच आदराने पाहिले आहे.

त्या भाषेत 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे. जोडीने तोडणीस जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. 'उचल' म्हणजे उचलण्याची क्रिया नव्हे. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. ती घेतली जाते, फेडली जाते, 'फिटते' किंवा 'अंगावर राहते'. कामाचा दिवस चुकला की 'खाडा पडतो', आणि त्यात खाली काहीच पडत नाही. पडणे, राहणे, उचलणे या साध्या क्रियापदांनी कर्ज, मजुरी आणि अनुपस्थिती यांचा अख्खा व्यवहार पेलला आहे. ज्या मुलाने 'उचल अंगावर राहिली' हे वाक्य घरात ऐकले आणि त्यामागची चिंता आईबापांच्या चेहऱ्यावर पाहिली, त्याला दोन साध्या शब्दांच्या जोडीचा अर्थ त्या शब्दांच्या बेरजेहून निराळा असतो हे शिकवावे लागत नाही. त्याला एवढेच सांगायचे असते की, इंग्रजी बोलणारा माणूसही असेच करतो.

शाळा मात्र त्याला उलट दिशेने नेते. 'सोडून देणे' ऐवजी 'त्याग करणे', 'पुढे ढकलणे' ऐवजी 'स्थगित करणे', 'सोसून घेणे' ऐवजी 'सहन करणे', 'शोधून काढणे' ऐवजी 'अन्वेषण करणे' लिहिले की निबंधाला भारदस्तपणा येतो, ही समजूत रुजविली जाते. तत्सम शब्दांचे स्थान येथे कोणी नाकारीत नाही; शास्त्रीय लेखनाला त्यांची गरज आहे आणि हा लेखही त्यांच्यावाचून लिहिता आला नसता. परंतु इंग्रजीतही अशाच दोन पातळ्या आहेत, हे विद्यार्थ्याला कळायला हवे. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ', 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ', 'इन्व्हेस्टिगेट' आणि 'लुक इन्टू' यांतील पहिला शब्द लॅटिनमधून आलेला, ग्रांथिक. दुसरी जोडी घरगुती, बोलीतली. विद्यार्थी कोशातून पहिला उचलतो, कारण मराठीतही त्याला तशीच सवय लावलेली आहे. त्यामुळे त्याचे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मुलाखतीत, गप्पांत, कथा-कादंबरीच्या वाचनात अपुरे पडते.

म्हणजे मराठीच्या तासाला ज्या बोलीतून त्याला बाहेर काढले, इंग्रजीच्या तासाला तिच्याच इंग्रजी बहिणीपुढे त्याला निरुत्तर उभे केले जाते. एकाच विद्यार्थ्याचे हे दुहेरी नुकसान आहे, आणि त्याचा आरंभ मराठीच्या वर्गात होतो.

४

या मांडणीवर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, मातृभाषेचा आधार घेतल्याने चुका वाढतात. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी. या आक्षेपात तथ्यांश आहे. मराठी आणि इंग्रजी रचनांची जुळणी शब्दास शब्द अशी होत नाही. इंग्रजीत दुसरे पद अव्यय असते, मराठी संयुक्त क्रियापदात ते क्रियापद असते. 'सोडून देणे' यातील 'देणे' पाहून 'गिव्ह अप' लक्षात ठेवू पाहणारा विद्यार्थी 'फेकून देणे' पाशी अडखळेल, कारण तेथे 'थ्रो अवे' येते. नकारातही दोन्ही भाषांचा स्वभाव निराळा आहे. 'त्याने सगळे खाऊन टाकले' याचा नकार मराठीत सहसा 'त्याने खाल्ले नाही' असा साध्या क्रियापदाने होतो. 'खाऊन टाकले नाही' हे विशेष संदर्भावाचून कानाला खटकते. इंग्रजीत मात्र 'डिड नॉट गिव्ह अप' मध्ये 'अप' जागचा हलत नाही. कर्म सर्वनाम असेल तर 'पुट इट ऑफ' असेच म्हणावे लागते, 'पुट ऑफ इट' चालत नाही. मराठीत 'सोडूनच दिले', 'करून तर पाहा' असे लहान शब्द मध्ये शिरतात खरे, परंतु कर्माला तेथे सहसा थारा नाही. शिवाय 'लुक आफ्टर' सारख्या काही जोड्यांत कर्म मध्ये येतच नाही. त्यांचा वर्ग निराळा मानावा लागतो. उच्चारातही भेद आहे. 'रन अप अ बिल' मध्ये आघात 'अप'वर येतो. 'डिपेंड ऑन' मध्ये 'ऑन' दबून जातो.

हे सर्व भेद मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. भेद दाखविण्यासाठीसुद्धा दोन्ही वस्तू समोर असाव्या लागतात. तुलना म्हणजे समीकरण नव्हे. शिवाय इंग्रजी इंग्रजीतूनच शिकण्याची सोय या जिल्ह्यातील सामान्य माणसाला इतिहासात कधी लाभलेली नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. पुढे मराठी माध्यम आले आणि दीर्घकाळ पाचवीपासून इंग्रजी शिकविली गेली; २००० सालापासून ती पहिलीपासून आली. इंग्रजी या मुलखात नेहमी दुसऱ्या भाषेच्या खांद्यावरून आली आहे. खांदा नाकारण्यापेक्षा तो भक्कम करणे हे अधिक व्यवहार्य आहे.

दुसरा आक्षेप मराठीच्या अध्यापकांकडून येऊ शकेल. मराठी व्याकरणाने इंग्रजीची सेविका का व्हावे? हा प्रश्न अस्मितेचा वाटतो. परंतु त्याचा पाया कच्चा आहे. मराठी व्याकरण इंग्रजीच्या चौकटीत बसविण्याचा दोष पूर्वी घडला आहे आणि त्याची चर्चाही झाली आहे. येथे सुचविलेली दिशा त्याच्या उलट आहे. इंग्रजीची चौकट मराठीवर लादायची नसून मराठीच्या अनुभवातून इंग्रजीकडे पाहायचे आहे. त्यासाठी संयुक्त क्रियापदाचा अर्थाच्या अंगाने अधिक सूक्ष्म विचार करावा लागेल, आणि त्याचा पहिला लाभ मराठीलाच होईल. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ला (१९११) शतक उलटून गेले. तरीही वर्गात संयुक्त क्रियापद हे आजही 'ओळखा' या प्रश्नापुरतेच उरले आहे. 'टाकणे' आणि 'ठेवणे' यांत भेद काय, हे विचारले जात नाही.

परक्याला मराठी शिकताना काय सोसावे लागते, याचाही विचार येथे उपकारक ठरेल. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. या ग्रंथांच्या आधारे मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला भूक लागणे, ठेच लागणे, निकाल लागणे, नाद लागणे, कामाला लागणे आणि वाट लागणे हे सारे एकाच क्रियापदाचे संसार आहेत हे समजून घ्यावे लागले असणार. आपला विद्यार्थी 'गेट' आणि 'टेक' यांच्यापुढे जेवढा हतबल होतो, त्याहून तो अधिकारी 'लागणे'पुढे कमी हतबल झाला नसेल. एवढे एकदा कळले तरी विद्यार्थ्याच्या मनातील इंग्रजीचे दडपण निम्मे उतरेल. अवघडपणा हा कोणा एका भाषेच्या थोरवीचा पुरावा नव्हे. जिवंत भाषा बाहेरून पाहणाऱ्याला अशीच दिसते.

५

यावरून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. महाविद्यालयात मराठी आणि इंग्रजी विभागांनी वर्षातून काही तास एकत्र घ्यावेत आणि त्यांचा विषय क्रियापद हाच असावा. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील, शेतातील, तोडणीच्या फडातील क्रियापदांच्या जोड्या लिहून आणाव्यात. त्यांच्या अर्थच्छटा वर्गात उकलाव्यात. त्यानंतरच इंग्रजी जोड्यांकडे वळावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हा विषय देता येईल. आष्टी-पाटोद्याकडील बोलीत आणि परळी-अंबाजोगाईकडील बोलीत सहायक क्रियापदांचा वापर कसा होतो, याचे संकलन स्वतंत्रपणेही मोलाचे ठरेल. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. अध्यापकांनी एकमेकांच्या वर्गात बसण्याची तयारी तेवढी हवी.

या जिल्ह्याला अशा कामाची परंपराही आहे. मुकुंदराजाची समाधी जेथे दाखविली जाते आणि दासोपंतांनी जेथे गीतेवर विपुल मराठी टीका लिहिली, ते अंबाजोगाई याच जिल्ह्यात आहे. परक्या भासणाऱ्या संस्कृत वचनाचा गुंता लोकांच्या बोलीत सोडवून दाखविणे, हे त्या टीकाकारांचे कार्य होते. वाचकाची बोली अपुरी आहे असे मानून त्यांनी लेखन केले नाही. त्या बोलीवर विश्वास ठेवूनच त्यांनी संस्कृताचा अर्थ त्यात आणला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याचा आनंद सर्वत्र व्यक्त झाला. परंतु भाषेचा दर्जा तिच्या वापराने ठरतो. ऊसतोड कामगाराच्या मुलीला आपल्या आईच्या बोलण्यातून इंग्रजीची एक अवघड गाठ सुटताना दिसली, तर तिला इंग्रजी येईलच. शिवाय आईची भाषा लपविण्याजोगी नाही, हेही कळेल. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. ती घडवून आणण्याचे काम इंग्रजीच्या अध्यापकावर सोपवून मराठी विभागाला मोकळे होता येणार नाही.